कौल एकदाच की पुन्हा? गोवा, विदर्भ आणि जनमताचा अनिर्णित प्रश्न

गोंदिया स्थानकातून सुटणाऱ्या दोन गाड्यांची नावे विदर्भ एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस अशी आहेत. पहिली मुंबईला जाते, दुसरी कोल्हापूरला. विदर्भाच्या नावाची गाडी शेवटी मुंबईच गाठते, यातली गंमत इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. वेगळ्या विदर्भाचा विषय या जिल्ह्यात निवडणुकीच्या तोंडावर तापतो आणि धान कापणीला आले की मागे पडतो. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र या मागणीला एक पोटमागणी जोडली गेली आहे: एकदाचे जनमत घ्या आणि काय ते ठरवा.

यातला ‘एकदाचे’ हा शब्दच वादाचा आहे. उत्तर मनासारखे आले नाही, किंवा आले पण निसटत्या फरकाने आले, तर पुन्हा विचारायचे की नाही? ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा या देशांत यावर भरपूर भांडून झाले आहे. आपल्याकडे हा वाद विखुरलेला आहे; थोडा गोव्यात, थोडा ओडिशाच्या डोंगरात, थोडा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात. हे तुकडे एकत्र ठेवून वाद आज कुठे उभा आहे ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

विचारले कोणाला होते?

विदर्भाच्या बाबतीत ‘पुन्हा’ म्हणण्याआधी ‘पहिल्यांदा’ कधी विचारले होते ते पाहावे लागते, आणि तिथेच गाडे अडते. १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव केला. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार हे पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांशी केलेले करार होते. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि क. मा. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे राज्य सुचवले. त्या आठांत भंडारा होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याच्या पोटात होता. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. या सगळ्या प्रवासात मतपेटी ठेवून लोकांना थेट कोणी विचारले नाही.

यावर संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे उत्तर असे, की निवडणुका झाल्याच ना. १९५७ साली पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला लोळवले, पण विदर्भात काँग्रेस टिकली. लोकांच्या प्रतिनिधींनी घेतलेला निर्णय हा लोकांचाच निर्णय, असा हा युक्तिवाद आहे. विदर्भवादी त्याच निवडणुकीचा अर्थ उलटा लावतात: समितीचा नारा इथे चालला नाही, म्हणजेच एकीकरणाची हौस इथे नव्हती. एकाच निकालाची दोन वाचने, आणि दोन्ही आपापल्या जागी पटण्याजोगी. या वादात पुढेही असेच होत गेले आहे.

‘पुन्हा विचारा’ हा मुद्दा कायद्याच्या भाषेत आपल्याकडे पहिल्यांदा याच काळात उपस्थित झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे विधिमंडळाचे मत मागवले गेले ते या तीन घटकांवर. नंतर संसदेत आराखडा बदलला आणि एकच द्विभाषिक राज्य झाले. मग बदललेल्या प्रस्तावावर विधिमंडळाला परत विचारायला नको होते का? बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नको. मत एकदा मागवले की घटनेची अट पुरी होते. संसद ते मानायला बांधील नाही आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर परत विचारायलाही नाही. वेगळ्या राज्याच्या प्रश्नावर आजही हाच कायदा आहे.

गोव्यातला एकमेव कौल

स्वतंत्र भारतात संसदेने खास कायदा करून एखाद्या प्रदेशाचे राजकीय भवितव्य लोकांच्या मतावर सोडले, असे ठळक उदाहरण गोव्याचे. जुनागढला १९४८ साली आणि सिक्कीमला १९७५ साली मतदान झाले, पण ते प्रश्न भारतात येण्याचे होते. भारतात असलेल्या माणसांनी भारतातच कुठे राहायचे, हे गोव्याने ठरवले.

१९६३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाचे म्हणणे असे, की विलीनीकरणाला लोकांनी कौल दिलाच आहे, आता वेगळे काय विचारायचे? जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे असे, की माणूस पक्षाला मत देतो तेव्हा शंभर गोष्टींना देतो. एवढा मोठा निर्णय त्यात गुंडाळू नका, सुटा विचारा. १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावे, ही मागणी मान्य झाली नाही. प्रचारात सर्वांत रंगली ती मराठी वृत्तपत्रांतली लढाई. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होता; विरोधातल्या ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजले, तेही मराठीतच.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. मग मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि हरलेल्या बाजूचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष तीसपैकी सोळा जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला.

या दोन निकालांत सव्वादोन महिन्यांचे अंतर आहे. सिक्वेरांचा मुद्दा यापेक्षा स्वच्छपणे सिद्ध झाला नसता: सरकार कोणाचे आणि राज्य कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकच मतदार त्यांना वेगवेगळी उत्तरे देऊ शकतो. त्याचबरोबर असेही दिसते, की विलीनीकरणवाद्यांच्या हाती सत्ता असूनही त्यांना कौल परत घेता आला नाही, कारण विचारण्याचा अधिकार पणजीकडे नव्हता, दिल्लीकडे होता. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. १९६७ च्या मतपत्रिकेवर वेगळ्या राज्याचा पर्याय नव्हता. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाला तो संसदेच्या निर्णयाने. त्यासाठी लोकांना परत विचारले गेले नाही आणि कोणी फारशी हरकतही घेतली नाही.

पुन्हा विचारल्यावर काय होते?

जगातला अनुभव संमिश्र आहे. डेन्मार्कने १९९२ साली युरोपीय संघाचा मास्ट्रिक्ट करार निसटत्या मतांनी नाकारला. काही सवलती पदरात पाडून घेतल्यावर १९९३ साली तोच करार स्वीकारला. आयर्लंडमध्ये हे दोनदा घडले. नीस करार २००१ मध्ये नाकारला, २००२ मध्ये स्वीकारला. लिस्बन करार २००८ मध्ये नाकारला, २००९ मध्ये स्वीकारला. नीसच्या पहिल्या फेरीत जेमतेम पस्तीस टक्के लोक मतदानाला आले होते, दुसऱ्या फेरीत जवळपास पन्नास टक्के. समर्थक हा आकडा पुढे करतात. टीकाकार विचारतात, की ‘हो’ आल्यावर तिसऱ्यांदा का नाही विचारले? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पुनर्मतदान झाले ते प्रत्येक वेळी सरकारला न आवडलेल्या उत्तरानंतरच.

ब्रिटनने १९७५ साली युरोपात राहण्याला सुमारे दोन तृतीयांश मतांनी होकार दिला आणि २०१६ साली ५२ विरुद्ध ४८ अशा फरकाने बाहेर पडण्याला. दोन्हींच्या मधे एकेचाळीस वर्षे गेली. २०१६ नंतर लगेच तिसऱ्या मतदानाची मागणी झाली, लाखोंचे मोर्चे निघाले, पण मतदान झाले नाही. क्वेबेकमध्ये १९८० साली फुटीरवादी साठ-चाळीसच्या फरकाने हरले. १९९५ साली परत विचारले तेव्हा एका टक्क्याच्या आसपास फरकाने हरले.

आपल्याकडचे उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचे. बॉक्साइट खाणीबाबत ग्रामसभांना विचारा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. डोंगरावरच्या बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. २०१६ मध्ये राज्याच्या बाजूने ग्रामसभा नव्याने घेऊ द्याव्यात अशी विनंती घेऊन परत न्यायालयात जाण्यात आले. ती मान्य झाली नाही. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वनहक्कांचे काम करणाऱ्यांना हा निकाल तोंडपाठ असतो. नाही म्हणणाऱ्या गावाला परत परत बोलावून थकवता येते, ही भीती त्यांच्या लेखी कागदावरची नाही.

तीन भूमिका

पुनर्मतदानाला विरोध करणारे हरणाऱ्याच्या संमतीपासून सुरुवात करतात. निकाल अखेरचा आहे असे दोन्ही बाजूंना वाटले तरच हरलेला माणूस घरी जाऊन कामाला लागतो. दोन वर्षांनी परत संधी आहे म्हटल्यावर तो कशाला हरेल, आणि जिंकलेला तरी कशाला निर्धास्त होईल? गावे, घरे, पक्ष सगळे कायमचे प्रचारात राहतात. शिवाय परत विचारण्याची ताकद नेहमी सत्तेच्या हातात असते.

समर्थकांचे म्हणणे, की लोकशाहीत कोणताच निर्णय अखेरचा नसतो. आपण दर पाच वर्षांनी सरकार बदलतो ते याच तत्त्वावर. स्वित्झर्लंडमधल्या पुरुषांनी १९५९ साली स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार दोन तृतीयांश मतांनी नाकारला. तो कौल अखेरचा मानला असता तर १९७१ चा होकार आलाच नसता. नवी पिढी येते, नवी माहिती येते, कराराच्या अटी बदलतात. १९५५ साली विदर्भात मतदानाच्या वयाचे असलेले बहुतेक लोक आज हयात नाहीत, एवढे एक कारणही पुरे, असे विदर्भवादी म्हणतात.

तिसरी भूमिका या दोघांना बाजूला सारून नियमाकडे बोट दाखवते. पुन्हा विचारणे चांगले की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. केव्हा, किती अंतराने, कोणाच्या सांगण्यावरून विचारायचे हे पहिल्या मतदानाआधी ठरले होते का, ते पाहा. उत्तर आयर्लंडबाबतच्या १९९८ च्या करारात दोन मतदानांत किमान सात वर्षांचे अंतर घातले आहे. कॅनडाने २००० साली कायदा करून प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमतही स्पष्ट हवे असे ठरवले.

मला तिसरी भूमिका जास्त पटते, पण तीही वाटते तितकी भक्कम नाही. न्यू कॅलेडोनियात १९९८ च्या करारानेच तीन मतदानांची तरतूद केली होती. २०१८ मध्ये स्वातंत्र्याच्या विरोधात सुमारे ५७ टक्के, २०२० मध्ये ५३ टक्के. फरक कमी होत होता. २०२१ मध्ये करोनाच्या मृत्यूंचे सुतक पाळणाऱ्या कनाक समाजाने तारीख पुढे ढकला म्हटले, फ्रान्सने ऐकले नाही, त्यांनी बहिष्कार टाकला, आणि विरोधी मते ९६ टक्क्यांवर गेली. मतदानाला निम्मे लोकही आले नव्हते. नियम आधी ठरलेला होता, तरी तारखेने घात केला.

विदर्भात मोजलेले मत

एवढ्या मोठ्या टक्केवारीचा अनुभव विदर्भालाही आहे. २०१३ च्या सुमारास जनमंच या संस्थेने नागपूर, अमरावती अशा शहरांत स्वतः मतपेट्या ठेवून अनौपचारिक जनमत घेतले. नागपुरात वेगळ्या राज्याच्या बाजूने नव्वद टक्क्यांहून जास्त मते पडली. काम प्रामाणिकपणे झाले, स्वयंसेवक राबले, यात शंका नाही. पण ज्याला विषयात रस नाही किंवा ज्याचा विरोध आहे, तो अशा पेटीपर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाही. त्या टक्केवारीतून समर्थकांचा उत्साह कळतो, विदर्भाचे मत कळत नाही. बापूजी अणे यांचे नातू श्रीहरी अणे यांनी राज्याचे महाधिवक्ता असताना डिसेंबर २०१५ मध्ये अधिकृत जनमताचीच मागणी केली. मार्च २०१६ मध्ये मराठवाड्याबद्दलच्या वक्तव्यानंतर त्यांनी पद सोडले.

राहता राहिल्या निवडणुका. १९६२ मध्ये बापूजी अणे आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेत गेले, ते विदर्भाच्या मुद्द्यावर. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला आणि २०१४ मध्ये विदर्भातल्या ६२ पैकी ४४ जागा जिंकल्या. हा कौल विदर्भाला होता की सत्ताबदलाला? गोव्याचा अनुभव हाताशी असताना असे आकडे पुरावा म्हणून वापरायला मन धजत नाही. फक्त विदर्भाच्या नावावर उभे राहिलेल्या उमेदवारांना अलीकडच्या निवडणुकांत फारसे यश आले नाही, हेही तितकेच खरे. पण त्यावरून लोकांना विदर्भ नको आहे असेही म्हणता येत नाही.

गोंदियातून पाहताना

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. मुंबई जवळपास हजार किलोमीटर, रायपूर पावणेदोनशेच्या आत. बाजारात हिंदी, कचेरीत मराठी, घरात पोवारी, झाडीबोली नाही तर गोंडी. नागपूर-अमरावतीच्या व्यासपीठांवर ‘विदर्भाचे मत’ असा एकवचनी उल्लेख होतो, पण झाडीपट्टीत वेगळी कुरकुर ऐकू येते: मुंबईऐवजी नागपूर, आमच्या पदरात काय पडणार?

इथे जनमत कशावर हलते ते धान खरेदी केंद्रावर उभे राहिले की दिसते. देवरी-सालेकसाकडचा शेतकरी चाळीस किलोचे कट्टे लावून काट्याची वाट पाहत असतो आणि बोलणे निघते ते सीमेपलीकडच्या भावाचे. २०२३-२४ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. छत्तीसगडने त्या हंगामात ३,१०० रुपये दिले. महाराष्ट्राने हेक्टरी २० हजारांचा बोनस जाहीर केला, तोही दोन हेक्टरांपर्यंतच. २००० साली जन्मलेले लहान राज्य धानवाल्याला जास्त देते, हा वेगळ्या विदर्भाचा सर्वांत बोलका दाखला म्हणून सांगितला जातो. विरोधकांचे उत्तर असे, की तिथे धानाचे राजकारण चालते म्हणून भाव मिळतो, राज्य लहान आहे म्हणून नव्हे. कापूस-सोयाबीनच्या विदर्भ राज्यात धानवाला अल्पसंख्यच राहील. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पुनर्मतदानाच्या चर्चेसाठी यातून एवढेच घ्यायचे, की चुकाऱ्याच्या आधी घेतलेला कौल आणि नंतर घेतलेला कौल इथे सारखा येईलच असे नाही.

दुसरी गुंतागुंत सीमेची. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक सीमावाद पेटला आणि कर्नाटकात जाऊ पाहणाऱ्या जतच्या गावांच्या बातम्या आल्या. त्याच सुमारास आमगाव नगर परिषदेत जोडलेल्या आठ गावांनी मध्य प्रदेशात जाऊ द्या, अशी मागणी पुढे केली. कारण भाषिक नव्हते. नगर परिषदेचा वाद न्यायालयात अडकून गावांना ना ग्रामपंचायतीच्या योजना मिळत होत्या, ना शहराच्या. पण जनमताच्या दृष्टीने त्यांनी एक अवघड गोष्ट समोर ठेवली. विदर्भाला विचारायचे तर आमगावला वेगळे का नाही विचारायचे? आणि महाराष्ट्र तुटणार असेल तर उरलेल्या महाराष्ट्राला मत नको का? बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्र स्वतः खेडे हा घटक धरा आणि लोकेच्छा पाहा असे सांगत आला आहे. ते सूत्र पूर्वेकडच्या सीमेवर लावायचे की नाही, यावर मुंबईत कोणी बोलत नाही.

काय ठरायचे आहे

घटनेत जनमताची तरतूद नाही. १९७८ मध्ये जनता सरकारने घटनादुरुस्तीच्या विधेयकात मूलभूत बदलांसाठी सार्वमताचे कलम घातले होते. राज्यसभेने ते गाळले. तेव्हा विदर्भाचे अधिकृत जनमत घ्यायचे तर गोव्यासारखा स्वतंत्र कायदा लागेल आणि घटक, टक्केवारी, अंतर हे सगळे त्यातच लिहावे लागेल. तेलंगणाचे विधेयक आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळले आणि संसदेने तरीही मंजूर केले. म्हणून असा कायदा कशाला हवा, असे विचारणारेही विदर्भवाद्यांतच आहेत.

टक्केवारीबाबत एक नमुना आपल्या खेड्यांत तयार आहे. दारू दुकान बंद करण्यासाठी महिलांचे मतदान होते तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला, झालेल्या मतांच्या नव्हे, तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. रोवणीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते, अशी कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे. पण अशा निकालावर ‘थोडेच लोक आले होते’ असे म्हणायची सोय राहत नाही. ब्रिटनचा २०१६ चा कौल या कसोटीवर उतरला नसता. गोव्याचा १९६७ चाही नाही. एकूण मतदारांच्या तुलनेत दोन पानांची मते चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास होती. कठोर अट घातली तर पुनर्मतदानाची मागणी कमी होते, पण आहे ती परिस्थिती आयती जिंकते.

शेवटचा तिढा पर्यायांचा. वेगळे राज्य आणि आहे तसा महाराष्ट्र यांच्या मधे घटनेने कलम ३७१(२) चा, म्हणजे विकास मंडळांचा, रस्ता ठेवला होता. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती परत स्थापन करण्याचा निर्णय घेतला. सिंचनाच्या पाण्यासाठी आणि धानाच्या भावासाठी भांडणाऱ्या गोंदियातल्या बऱ्याच जणांना खरे तर हाच मधला पर्याय हवा असू शकतो. गोव्याच्या मतपत्रिकेवर वेगळ्या राज्याचा तिसरा पर्याय छापलेला नव्हता आणि वीस वर्षांनी तो मतदानाशिवायच अमलात आला. विदर्भाच्या मतपत्रिकेवर दोन चिन्हे असावीत की तीन, हे ठरवायला अजून कोणी बसलेले नाही.